छाप ओपी०७ची, आत ७४१

"साहेब, तुमचं मीटर खुळं झालंय," असा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून फोन आला, तेव्हा मी सगळं त्यांच्या थर्मोकपलवर, म्हणजे भट्टीत घालायच्या तापमानाच्या सेन्सरवर ढकलून मोकळा झालो. भट्टीवर शेजारीशेजारी तापमान दाखवणारे दोन इंडिकेटर, दोन्ही माझेच, आणि त्यांत चाळीस अंशांचा फरक. थर्मोकपलांची अदलाबदल केली, तरी चूक मीटरलाच चिकटून. मग मात्र मान खाली घालून मीटर उद्यमनगरातल्या दुकानात आणलं.

के टाइप थर्मोकपल अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणून तिथे ओपी०७ लावायचा, म्हणजे बारीक व्होल्टेज अचूक वाढवणारा ऑप-अ‍ॅम्प आयसी. त्याचा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही राहणारी चूक, सी ग्रेडलासुद्धा जास्तीत जास्त १५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे साडेतीन-चार अंश. ट्रिमपॉट फिरवून ती चूक शून्यावर आणायची कटकट नको म्हणून तर त्याला जादा पैसे मोजायचे. आणि मी नेमके तिथेच वाचवायला गेलो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे निम्म्याहून कमी भाव दिसला, पन्नास नग मागवले आणि एकही न तपासता अकरा मीटरमध्ये बसवले.

आता एकेक आयसी तपासायला घेतला: प्लस इनपुट ग्राउंडला, १०० ओहम आणि १०० के (एक लाख ओहम) लावून हजारपट गेन, म्हणजे वाढ केली. खऱ्या ओपी०७चं आउटपुट १५० मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या नगाने ४० दाखवले. नव्या मालातले १.४ व्होल्ट, २.१ व्होल्ट, एक तर उणे ०.९. दोन मिलिव्होल्ट ऑफसेट म्हणजे जवळपास पन्नास अंश!

मुलीचं नेलपॉलिश काढायचं लिक्विड कापसावर घेऊन आयसीवर घासलं. कापूस काळा झाला, छाप गेली आणि खाली मूळ प्लास्टिकवर पॉलिशपेपर मारल्याचे ओरखडे दिसले. वर सगळ्यांचा डेट कोड (कधी बनवला ते सांगणारा आकडा) एकच, पण पालथे करून पाहिले तर खालचे साच्याचे ठसे तीन तऱ्हांचे.

सगळ्यात सोपी खूण मला नंतर सुचली, ती लक्षात ठेवा. आयसी सर्किटबाहेर काढून पिन ४ आणि ५मध्ये मल्टिमीटर लावा. ओपी०७ची ५ नंबरची पिन आत कुठेच जोडलेली नसते. ७४१ या जुन्या, साध्या ऑप-अ‍ॅम्पमध्ये ती ऑफसेट नलची, म्हणजे ऑफसेट शून्यावर आणायची असते आणि तिथून ४पर्यंत आत एक के, म्हणजे हजार ओहमचा रेझिस्टर असतो. माझ्याकडे प्रत्येक नगावर हजाराच्या आसपास ओहम आले. म्हणजे १९६८ सालच्या डिझाइनचा ७४१ मी ओपी०७ म्हणून विकत घेतला होता. इनपुट, आउटपुट, सप्लाय सगळ्या पिना सारख्याच, त्यामुळे सर्किट चालतं आणि शंका येत नाही.

विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: परतीची मुदत दहा दिवसांची, ती संपली. बरोबरच होतं, माल दीड महिना माझ्या कपाटात होता. अकराही मीटर पदरमोड करून बदलून दिले. आता अधिकृत वितरकाकडून बिलासकट घेतो, आणि तरीही प्रत्येक लॉटमधले दोन नग आधी त्या हजारपट गेनवर चढवतो.

उरलेले एकोणचाळीस आयटीआयच्या पोरांना सरावाला दिले. ७४१ म्हणून ते झकास चालतात.