पायाची बायपास शस्त्रक्रिया उत्तम, घरी पाठवतानाची माहिती अपुरी

उत्तर गोव्यातील एका खासगी रुग्णालयात माझ्या वडिलांच्या डाव्या पायाची बायपास शस्त्रक्रिया (अडलेल्या धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट देणारी) झाली, त्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. पूर्वी हृदयाच्या बायपासच्या वेळी त्यांच्या दोन्ही पायांतील शिरा वापरून झाल्या होत्या, त्यामुळे जांघेतील धमनीपासून गुडघ्यामागील धमनीपर्यंत पीटीएफई या प्लास्टिकची कृत्रिम नळी बसवावी लागली. स्वतःची शीर मिळाली असती तर ती अधिक टिकली असती, हे सर्जननी आधीच स्पष्ट सांगितले. डिचोलीच्या बाजारात चार दुकानांपलीकडे पोटरी धरून थांबणारे बाबा तीन आठवड्यांत देवळापर्यंत चालत जाऊ लागले, याचे श्रेय मी सर्जनना मनापासून देतो.

तक्रार त्यानंतरची आहे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे आणि टाके काढण्याची तारीख होती, परंतु नळीला जंतुसंसर्ग झाला तर तो कसा ओळखावा, याविषयी एक ओळही नव्हती. पाचव्या आठवड्यात जांघेतील जखम झिरपू लागली, तेव्हा फोनवर 'पावसाळ्यात असे होते, ड्रेसिंग बदलत राहा' एवढेच उत्तर मिळाले, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून आठ दिवस घालवले. दुसऱ्या रुग्णालयात समजले की अशा संसर्गाची सुरुवात बहुतेकदा जांघेतच होते. नळीवर जंतूंचा चिकट थर एकदा बसला की अँटिबायोटिक्सना तो सहसा दाद देत नाही, पुष्कळदा नळीच काढावी लागते, आणि नळी जिथे जोडलेली असते त्या जोडाजवळची धमनी कमकुवत होऊन फुटली तर जिवावर बेतते. बाबांचा संसर्ग नळीपर्यंत पोहोचला नव्हता, म्हणून जखम साफ करण्यावर निभावले.

गुठळीने नळी बंद पडण्याच्या धोक्याविषयीही तीच उणीव. खालच्या जोडापाशी हळूहळू पेशी वाढून मार्ग अरुंद होतो, म्हणून ठरावीक काळाने डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी) करावी, रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करू नये, विडी पूर्ण सोडावी आणि पाय एकाएकी गार व पांढरा पडून दुखू लागला तर सकाळची वाट न पाहता निघावे, हे सारे आम्हाला त्या दुसऱ्या रुग्णालयातच प्रथम कळले.

शस्त्रक्रियेसाठी मी पुन्हा याच सर्जनकडे जाईन. मात्र तिथे जाणाऱ्यांनी घरी निघण्यापूर्वी ही लक्षणे मराठीत किंवा कोकणीत लिहून मागावीत, आणि जखम झिरपू लागल्यास फोनवरच्या उत्तरावर न थांबता रुग्णाला थेट दाखवायला न्यावे.