परोक्ष विवाहाचे प्रकरण आणि लंडनमधील एक सॉलिसिटर कार्यालय

माझ्याबरोबर लंडनमध्ये काम करणाऱ्या मूळच्या घानाच्या एका सहकाऱ्याचे लग्न घानातील कुमासी शहरात लागले, तेव्हा तो स्वतः तिथे नव्हता. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून त्याच्या वतीने त्याचे काका बसले; अशा लग्नाला परोक्ष विवाह म्हणतात. 'तिरी न्सा', म्हणजे वराकडून वधूच्या घरी द्यायचे मद्य, दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांसमोर स्वीकारले गेले आणि रूढीप्रमाणे विवाह पूर्ण झाला. पत्नीच्या व्हिसासाठी हा विवाह ब्रिटनमध्ये ग्राह्य ठरणे आवश्यक होते. त्यासाठी त्याने इमिग्रेशनचे काम करणाऱ्या एका सॉलिसिटर कार्यालयाची सेवा घेतली. कागदपत्रे जुळवताना मी सोबत होतो.

पहिल्या भेटीने घोर निराशा केली. इंग्लंडमध्ये असे लग्न लागत नाही, म्हणून ते इथे चालणार नाही, असे कनिष्ठ सल्लागाराने सांगितले आणि आधार म्हणून २०१४ च्या करीम निकालाचे नाव घेतले. तो निकाल युरोपीय नागरिकांच्या जोडीदारांविषयी होता, माझा सहकारी ब्रिटिश नागरिक आहे. शिवाय विवाहाची वैधता त्या युरोपीय नागरिकाच्या देशाच्या कायद्याने ठरवायची, ही करीममधील भूमिका अपील न्यायालयाने २०१७ मध्ये अवुकू प्रकरणात चुकीची ठरवली आहे. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नसावे, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या संध्याकाळी माझा सहकारी अर्जच सोडून द्यायला निघाला होता.

वरिष्ठ वकीलबाईंनी मात्र प्रकरण हातात घेतल्यावर सारे बदलले. विवाहाची पद्धत वैध आहे की नाही, हे तो जिथे लागला त्या देशाचा कायदा ठरवतो, हे त्यांनी ॲप्ट या जुन्या खटल्यावरून समजावले. त्यात विवाह ब्यूनोस आयर्समध्ये लागला होता आणि वधू इंग्लंडमध्ये असूनही तो वैध ठरला. घानात रूढीच्या विवाहाची नोंदणी १९८५ च्या कायद्याने सक्तीची केली होती, ती १९९१ मध्ये ऐच्छिक झाली. तरीही नोंदणीचा दाखला आणि पालकांची प्रतिज्ञापत्रे हाच भक्कम पुरावा, असे त्यांचे मत. आमच्या प्रतिज्ञापत्रात वराच्या जागी कोण बसले होते याचा उल्लेखच नव्हता. ही उणीव त्यांनी पहिल्या वाचनातच पकडली आणि कुमासीहून नवे प्रतिज्ञापत्र मागवले. नवरा-बायको प्रत्यक्ष भेटलेले असणे व्हिसाच्या नियमांत आवश्यक असल्याने त्यांनी त्याच्या आधीच्या घानावाऱ्यांचे शिक्के आणि तिकिटेही तारखांनुसार लावून घेतली.

शुल्काबाबत तक्रार आहे. घानातील वकिलाच्या लेखी अभिप्रायाचा खर्च वेगळा पडेल, हे आधी सांगितले गेले नाही. तो अभिप्राय मात्र उपयोगी पडला, आणि व्हिसा मंजूर झाला.

अशाच अडचणीत असलेल्यांना मी हे कार्यालय नक्की सुचवीन. फक्त पहिली भेटच वरिष्ठ वकिलांशी ठरवावी आणि सर्व खर्च लेखी मागावा.