बिशपांच्या कारभाराचे कागद : एका संकेतस्थळाविषयी गोव्यातील पालकाचा अभिप्राय

‘बिशप अकाउंटेबिलिटी’ हे संकेतस्थळ २००३ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातून चालवले जाते. कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची, आणि ते कळल्यानंतर वरिष्ठांनी काय केले किंवा काय केले नाही याची, कागदपत्रे तिथे विनामूल्य वाचता येतात. गोव्यात हा प्रश्न केवळ ख्रिस्ती कुटुंबांचा आहे असे म्हणता येणार नाही, कारण इथल्या अनेक मराठी घरांतील मुले चर्चच्या शाळांत शिकतात. फादर आणि सिस्टर यांनी इथल्या पिढ्या घडवल्या, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच त्यांच्या वरिष्ठांनी कोणत्या प्रसंगी कसा निर्णय घ्यावा, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे असेही मला वाटते.

या संग्रहाचे खरे बळ आहे ते नेमणुकांच्या नोंदींत. आरोप झालेला धर्मगुरू कोणत्या वर्षी कोणत्या चर्चमध्ये होता, मध्येच ‘आजारपणाची रजा’ कधी दिसते आणि त्यानंतर त्याला कुठे पाठवले गेले, हे ओळीने मांडलेले असते. बदल्यांच्या याद्या आपल्याकडेही वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांत काही वावगे नसते. पण बोस्टनचे धर्मगुरू जॉन गेगन यांची नोंद वाचताना बदली या साध्या प्रशासकीय कृतीचा कसा दुरुपयोग होऊ शकतो, हे लख्ख कळते. १९८४ मध्ये मुलांविषयीच्या तक्रारींमुळे त्यांना एका चर्चमधून काढले गेले आणि लगेच वेस्टन येथील सेंट ज्युलिया चर्चमध्ये नेमले गेले. तिथे वेदीसेवक (प्रार्थनाविधीत धर्मगुरूला मदत करणाऱ्या) मुलांसह तीन युवागट त्यांच्याकडे सोपवले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहायक बिशप जॉन डार्सी यांनी बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पत्र लिहून या नेमणुकीबद्दल शंका व्यक्त केली. तरीही, मधला रजेचा काळ सोडला, तर गेगन १९९३ पर्यंत तिथेच राहिले. गुन्हा एकाचा होता, पण त्याला पुन्हा पुन्हा मुले उपलब्ध करून देणारी सही दुसऱ्याची होती, आणि ती सही या कागदांत समोर दिसते.

‘बोस्टन ग्लोब’ने जानेवारी २००२ मध्ये हे प्रकरण उघड केल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लॉ यांनी राजीनामा दिला, २००४ मध्ये मात्र त्यांना रोममधील सांता मारिया माजोरे बॅसिलिकाचे प्रमुखपद मिळाले. हे वाचून मला आजही संताप येतो.

याच संग्रहातील, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्युरीचा (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा) २०१८ चा अहवाल फार मोठा आहे आणि तो एका बैठकीत वाचू नये. सहा धर्मप्रांत (एकेका बिशपाच्या कारभाराखालचे विभाग), तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि हजारावर पीडित मुले एवढी त्याची व्याप्ती. त्यातील बरीच माहिती धर्मप्रांतांच्या स्वतःच्या गुप्त दप्तरांतून बाहेर आली. असे दप्तर ठेवणे चर्चच्या कायद्यानेच आवश्यक आहे आणि त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असते.

यादीत नाव असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हे संकेतस्थळ स्वतः सांगते आणि वाचकानेही ते विसरू नये. सगळे साहित्य मुख्यतः इंग्रजीत असून बराचसा भाग न्यायालयीन भाषेत आहे, त्यामुळे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते वाचून समजावून सांगावे लागते. मराठीत किंवा कोंकणीत निदान सारांश तरी हवा होता.

आपल्या कायद्याची माहिती वेगळी मिळवावी लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बिशपही त्याला अपवाद नाहीत. चर्चच्या अंतर्गत व्यवस्थेत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये बिशपांविरुद्धच्या तक्रारींची कार्यपद्धती ठरवून दिली. अशा तक्रारी सर्वसाधारणपणे, तो बिशप ज्या प्रांतात (धर्मप्रांतांच्या गटात) येतो त्याच्या आर्चबिशपांकडे जातात. सिंधुदुर्गचा धर्मप्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या प्रांतात येतो, त्यामुळे ही तरतूद सावंतवाडीच्या वाचकांनाही माहीत असावी. चौकशीत सामान्य श्रद्धावंत तज्ज्ञांना घेता येते, पण ते सक्तीचे नाही आणि निष्कर्ष जाहीर करण्याचेही बंधन नाही. ही उणीव माझ्या मते गंभीर आहे, आणि ती असेपर्यंत चर्चच्या बाहेरच्या अशा संग्रहाची गरज राहणारच.

शाळांच्या पालक-शिक्षक संघांना मी हे संकेतस्थळ आग्रहाने सुचवेन. सुरुवात मोठ्या अहवालाने न करता गेगन यांच्या नेमणुकांच्या नोंदीने करावी, ती आणि कलम १९ सभेत शेजारी ठेवून वाचावीत, आणि शाळेच्या व्यवस्थापनाला विचारावे की तक्रार आल्यास ती पोलिसांकडे कोण आणि किती तासांत नेणार.