आधी काय शिकावं, पुरुषसूक्त की अथर्वशीर्ष?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजोबा पूजेला बसले की ताम्हनात पळीभर पाणी पडायचं आणि एकेका उपचाराला पुरुषसूक्ताची एकेक ऋचा यायची. सोळा उपचार, सोळा ऋचा. ‘सहस्रशीर्षा’ने आवाहन, ‘यज्ञेन यज्ञम्’ने मंत्रपुष्प. अथर्वशीर्ष मात्र मला कुणी शिकवलंच नाही. चतुर्थीला टेकडी गणपतीच्या रांगेत ऐकता ऐकता तोंडी बसलं.

दोन्हींची जात वेगळी. पुरुषसूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं, ९० वं. अथर्वशीर्ष अथर्ववेदाशी जोडलेलं, पण बऱ्याच नंतरचं उपनिषद, बहुतेक गद्य. ‘त्वमेव प्रत्यक्षं तत्त्वमसि’ म्हणताना देव थेट समोर उभा असतो, वाक्यं लहान, पोरांना पटकन येतात. म्हणून सुरुवात त्यानेच करावी, असं मी ठामपणे सांगते.

पुरुषसूक्ताला गुरू हवाच. मंत्र ठरावीक स्वरांच्या चढ-उतारात म्हणायचा असतो: अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, खालचा स्वर; डोक्यावरची उभी म्हणजे स्वरित. हे पुस्तकात दिसतं, गळ्यात उतरत नाही. शिवाय अर्थाशीही झगडावं लागतं. मनातून चंद्र, डोळ्यातून सूर्य जन्मला, ही कल्पना वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच्या आधीचीच बारावी ऋचा चार वर्ण सांगते. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या ग्रंथात तिची कसून चिकित्सा केली. दीक्षाभूमीच्या गावात राहून ती ऋचा डोळे मिटून म्हणणं मला जमत नाही. मुलीला शिकवताना मी तिथे थांबते, आधी हे सगळं सांगते, मग पुढे जाते.