आठवीला पूर्ण संस्कृत घ्यावं का संयुक्त?

लातूर-नांदेडकडं लेकरू आठवीला गेलं की घरोघरी हाच प्रश्न, पूर्ण संस्कृत घ्यावं का हिंदी-संस्कृत संयुक्त. दहावीचे मार्क बघा, पूर्णला लेखी ८० न् अंतर्गत २०, संयुक्तमधे दोन्ही भाषांना ४०-४० लेखी न् १०-१० अंतर्गत. पूर्ण संस्कृतमधे शब्दरूपं, धातू, संधी पक्के असले की मार्क कापायला जागाच राहत नाही, पण पाठांतर रोजचं, परीक्षेच्या आठवड्यात पुस्तक उघडलं तर कायबी होत नाही. संयुक्तला संस्कृत कमी, पण दोन दोन व्याकरणं सांभाळा, त्यात आपली हिंदी "मेरेकू, तेरेकू"वाली, बोलायला झकास (मला तर तीच आवडते) पण पेपरात तिथंच मार्क जातात. पाठांतराचा कंटाळा नसेल तर पूर्ण संस्कृतच घ्या, फक्त लेकराला आधी विचारा.