जो कोड माझ्या गाडीत येऊच शकत नाही, त्याच्या नावाने मी हेडचं बिल भरलं

माझ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, न उतरवताच हेडच्या कामाचे पूर्ण पैसे माझ्याकडून घेतले गेले. कुणाची जुनी गाडी आत्ता मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याने झटके देत असेल, आणि गॅरेजवाला "हेड खोलावं लागेल" म्हणत असेल, तर त्याने होकार देण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

गाडी 1991 ची माझदा एमएक्स-5, पहिल्या पिढीची, 1.6 लिटर इंजिनची. सहा वर्षं माझ्याकडे आहे. ऑइल, फिल्टर, प्लग मी स्वतः बदलते. तरीही फसले, कारण फसवणाऱ्याने माझ्या हातात छापील कागद ठेवला, आणि छापील कागदावर माझा विश्वास बसला.

सुरुवात अशी झाली. चौथ्या गियरमध्ये, 2,500 आरपीएमच्या आसपास, चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की गाडी झटके मारायची. पाय जरा सैल केला की पुन्हा सुरळीत. दमट सकाळी मात्र आयडलिंगलासुद्धा गचके बसायचे आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. ही लक्षणं बोलकी होती, तेव्हा मी ती नीट ऐकली नाहीत. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्या व्होल्टेजला बाहेरून निसटायला सोपी वाट मिळाली, तर ते फटीकडे जातच नाही. ओलावा ही वाट आणखी सोपी करतो. म्हणजे लोड आणि ओलावा या दोन्हींमुळे बिघडणाऱ्या गाडीत पहिला संशय प्लग, प्लगच्या वायरी आणि कॉइलवर (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागावर) घ्यायचा. जळालेला व्हॉल्व्ह हवामान बघून गळत नाही.

मी गाडी नेली ती जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची कामं करतो असं सांगणाऱ्या एका गॅरेजमध्ये. पहिल्या दिवशी निदान झालं, "कॉइल गेली, मॅडम, वायरींचा सेटही टाकून घ्या." टाकला म्हणाले. बॉनेट उघडून दाखवलं, वायरी काळ्याभोर चकाकत होत्या. पाच दिवस गाडी छान चालली. मग पाऊस आला आणि दुखणं परत आलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी स्कॅनर लावल्याचं सांगितलं आणि रिपोर्ट दिला. त्यावर माझ्या गाडीचा नंबर, तारीख, आणि खाली ठळक अक्षरात पी0303, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मालक म्हणाले, "कॉइल नवी, वायरी नव्या, तरी तीन नंबर मिसिंग मारतोय. म्हणजे व्हॉल्व्ह जळालाय. हेड उतरवावं लागणार." मी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, चेक केलं का विचारलं. "केलंय, कमी आहे." किती आलं, ते मी विचारलं नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

बारा दिवस गाडी त्यांच्याकडे होती. बिलात हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह, ग्राइंडिंग, टॅपेट सेटिंग आणि मजुरी. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त. जुने व्हॉल्व्ह मागितले, तर "भंगारवाला घेऊन गेला."

(बिलातलं टॅपेट सेटिंगही खोटंच. या इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर असतात, तिथे फट मोजायची पट्टी (फीलर गेज) लावून सेट करण्यासारखं काही नसतं.)

दहा दिवसांनी, पहाटेच्या धुक्यात, गाडी पहिल्यासारखीच गचके मारायला लागली. त्या दिवशी मी गॅरेजला फोन केला नाही. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल घेऊन बसले आणि त्या कोडपासून सुरुवात केली.

पी0300 आणि सिलिंडरनिहाय पी0301, पी0302, पी0303, पी0304 हे कोड ओबीडी-2 नावाच्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधून दोष वाचण्याच्या पद्धतीतले. अमेरिकेत ती पद्धत 1996 च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून. माझी गाडी 1991 ची. तिला स्कॅनर लावायचं ते सोळा पिनांचं सॉकेटच नाही. बॉनेटखाली एक छोटी डायग्नोसिसची पेटी असते. तिच्यातली टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली की दिवा लुकलुकतो आणि ते लुकलुकणं मोजून कोड काढायचा. ते कोड सेन्सरचे असतात. एअरफ्लो मीटर, कूलंटचं तापमान, ऑक्सिजन सेन्सर, असे. कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय हे या गाडीच्या कॉम्प्युटरला सांगताच येत नाही. म्हणजे माझ्या हातातला रिपोर्ट दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा होता, किंवा सरळ टाइप केलेला होता.

हे कळल्यावर बराच वेळ मी तो कागद हातात धरून बसले होते. मग बॉनेट उघडलं.

या इंजिनाचं हेड उतरवायचं तर टायमिंग बेल्ट काढावा लागतो, त्यासाठी बेल्टची कव्हरं काढावी लागतात. दोन वर्षांपूर्वी बेल्ट बदलला तेव्हा कव्हरच्या प्रत्येक बोल्टवर मी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती, अर्धी बोल्टवर, अर्धी कव्हरवर. सगळ्या रेघा जशाच्या तशा जुळलेल्या. एकही बोल्ट केसभर हललेला नव्हता. हेड उतरवताना कूलंट काढावाच लागतो. माझा कूलंट तोच, तसाच मातकट. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचा चिकट थर, कुठेही खरवडल्याची खूण नाही.

मग "नव्या" वायरी. तीन नंबरची वायर उलटी करून बघितली. तिच्या खालच्या अंगाला मास्किंग टेपचा छोटा तुकडा, त्यावर बॉलपेनने लिहिलेला 3. अक्षर माझंच. प्लग बदलताना वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून मी चिकटवलेला. वायरी बदललेल्याच नव्हत्या. सिलिकॉनचा स्प्रे मारून पुसल्या होत्या. ती चकाकी आणि ते पाच बरे दिवस, दोन्ही त्या स्प्रेचे. स्प्रेने पाणी दूर ठेवलं तेवढे दिवस गाडी चालली.

खरा दोष शोधायला मला एक संध्याकाळ लागली, तो कसा शोधला ते सविस्तर सांगते. आयडलिंगला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून लावायचा. चालू सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच ढासळतं. बंद सिलिंडरचा काढला तर काहीच फरक पडत नाही. (चालू इंजिनात प्लगच्या वायरी ओढू नका. जबर झटका बसतो आणि कॉइलही जाऊ शकते.) माझा तीन नंबर मेलेला होता, बाकी तिन्ही जिवंत.

आता या गाडीत कॉइल दोनच असतात. एक 1 आणि 4 ला, दुसरी 2 आणि 3 ला एकाच वेळी ठिणगी देते, त्यातली एक ठिणगी कामाची आणि दुसरी वाया जाते. कॉइल गेली तर साधारणपणे जोडीतले दोन्ही सिलिंडर मरतात. माझा दोन नंबर ठणठणीत होता. म्हणजे कॉइलवर संशय घ्यायला फारशी जागा नव्हती, आणि पहिल्याच दिवशी कॉइलचं निदान करणाऱ्याला एवढं तरी माहीत असायला हवं होतं. त्याच्या तोंडच्या "तीन नंबर मिसिंग मारतोय" या वाक्यानेच त्याचं कॉइलचं निदान संशयास्पद ठरत होतं.

रात्री अंधार पडल्यावर, इंजिन चालू ठेवून, लांबून पाण्याचा बारीक फवारा वायरींवर मारला. हात कुठेही लावला नाही. प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीच्या तोंडाशी, तीन नंबरवर, निळसर बारीक वळवळ दिसली आणि टिकटिक ऐकू आली. विद्युतदाब प्लगमध्ये न जाता बाहेरून हेडला जात होता.

इंजिन गार झाल्यावर प्लग काढला. विहिरीत तेल होतं, टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत होतं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी एक काळी रेघ, आणि वायरच्या रबरी बुटाच्या आतल्या बाजूला बरोबर तिच्यासमोर दुसरी रेघ. हाच तो कार्बनचा माग. एकदा पडला की ठिणगीला तोच रस्ता सोपा, पुसून जात नाही. चिनी मातीच्या बुडाशी येणारा तपकिरी गोल डाग मात्र वेगळा, तो चांगल्या प्लगवरही येतो. कुणी तो दाखवून "गॅस लीक आहे" म्हणालं तर घाबरू नका.

आणखी एक गोष्ट. त्या वायरचा रेझिस्टन्स मल्टीमीटरवर बाकीच्या वायरींसारखाच बरोबर आला. मीटर तारेची तपासणी करतो. रबराला पडलेली भेग त्याला दिसत नाही. "मीटरवर ओके आहे" हे ऐकून वायर निर्दोष धरू नका.

कॉम्प्रेशन मी भाड्याने आणलेल्या गेजने बघितलं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंजेक्टर बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही सिलिंडर 170 ते 175 पीएसआय. व्हॉल्व्ह जळालेल्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांच्या पंगतीत बसूच शकत नाही. गेज लावायला अर्धा-पाऊण तास लागतो. हेडचं काम सांगणाऱ्याकडून हे आकडे, चारही, तुमच्यादेखत घ्या. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्यायला सांगा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हे दाखवायला जो कुरकुर करेल त्याच्याकडून गाडी काढून घ्या. काम सुरू होण्याआधीच "जुने पार्ट मला परत हवेत" हे जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि बोल्टवर खुणा करून फोटो काढून ठेवा. माझ्या पिवळ्या रेघा योगायोगाने होत्या. त्या नसत्या तर माझ्याकडे दाखवायला फार थोडं उरलं असतं.

आणि मिसिंग मारणारी गाडी तशीच चालवत राहू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. मी या भानगडीत तशीच कित्येक दिवस चालवली. कन्व्हर्टर वाचला, पण ती जोखीम मी त्यांच्या शब्दावर घेतली होती.

शेवटी लागलं काय, तर वायरींचा एक सेट, चार प्लग (फट 1.0 ते 1.1 मिमी) आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग. एका रविवारचं काम.

गॅरेजमध्ये गेले तेव्हा सोबत फोटो, मॅन्युअलची पानं आणि तो रिपोर्ट नेला. मालकांनी आधी "मशीनमध्ये जे आलं ते आम्ही दिलं" असं सांगितलं. मी म्हटलं, गाडी बाहेर उभी आहे, मशीन कुठे लावलं ते दाखवा. ते उठले नाहीत. थोड्या वेळाने "पोराने चुकून दुसऱ्या गाडीचा कागद दिला असेल" झालं. कॉइल आणि वायरींचे पैसे त्यांनी त्याच दिवशी परत केले. हेडच्या कामाबद्दल मात्र "काम झालेलं आहे" यावर ते अडून बसले आहेत. मी लेखी तक्रार दिली आहे. तिला बोल्टचे फोटो, गेजचे चार आकडे आणि पी0303 चा तो कागद जोडला आहे. 3 लिहिलेली वायर टेपसकट पिशवीत बंद करून ठेवली आहे, सुनावणीच्या दिवशी न्यायला.