हॅलोवीनच्या कुकीज: रंग पिठात घालायचा की वरून आयसिंग करायचं?

31 ऑक्टोबरला संध्याकाळी सात वाजले की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत बेल वाजायला लागते. दारात दोन चेटकिणी, एक सांगाडा आणि हमखास एक स्पायडरमॅन. बहुतेक घरांतून चॉकलेटं मिळतात. तुम्ही घरच्या रंगीत कुकीज द्यायच्या ठरवल्या असतील, तर आधी एकच गोष्ट पक्की करा: रंग पिठातच मळायचा, की साध्या कुकीवर रॉयल आयसिंगची नक्षी काढायची? मी दोन्ही करून बसले आहे.

दिसण्यात आयसिंगला तोड नाही. पांढरंशुभ्र भूत, त्याचे दोन काळे डोळे, भोपळ्याचं खदाखदा हसणं, हे पिठाच्या रंगाने होत नाही. पण रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. एका बलकाला साधारण 200 ते 250 ग्रॅम साखर लागते. बलक कच्चाच राहतो, म्हणून लहान मुलांसाठी मेरिंग पावडर वापरलेली बरी, पण तीही अंड्याचीच. आमच्या मजल्यावर दोन जैन घरं आहेत, तिथे हा विषय तिथेच संपतो. दुधात कालवलेलं साधं आयसिंग बिनअंड्याचं होतं, पण ते तितकं कडक वाळत नाही.

आणि वाळणं हेच तर ठाण्यात अवघड. खाडीजवळची दमट हवा, त्यात ऑक्टोबर हीट. पहिल्या वर्षी मी कुकीज रात्रभर डायनिंग टेबलावर पंख्याखाली ठेवल्या. सकाळी वरून कोरड्या वाटल्या म्हणून डब्यात एकावर एक रचल्या. संध्याकाळी झाकण उघडलं, तर वटवाघळांचे पंख वरच्या भुतांच्या पाठीला चिकटलेले आणि भुतांचे डोळे गालांवर ओघळलेले. आमच्या चिरंजीवांच्या मते तेव्हाच त्या खऱ्या भीतीदायक दिसल्या. एक खोली रात्रभर एसी लावून अडवून ठेवता येत असेल, तरच या वाटेला जा.

पिठात रंग मळला की ही भानगड नाही. 250 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर. पीठ एकत्र येईना तर चमचा-दोन चमचे दूध. दोन इंची कटरने तीसेक कुकीज होतात. रंग जेलचाच घ्या, पातळ रंगाने पीठ सैल पडतं. ओव्हन 160 अंशांच्या वर नेऊ नका. कडा तांबूस झाल्या की हिरवा शेवाळी दिसतो आणि जांभळा मातकट. काळ्यासाठी 25 ग्रॅम मैद्याच्या जागी कोको घाला, मग काळा जेल नावापुरता पुरतो. आयसिंग काळं करायला तोच जेल ढिगाने घालावा लागतो, चव कडवट होते आणि पोरांच्या जिभा दुसऱ्या दिवशी शाळेपर्यंत काळ्या.

घरगुती रंगच हवे असतील, तर मात्र पारडं आयसिंगकडे झुकतं. बीटाचा गुलाबी ओव्हनमध्ये तपकिरी होतो, आयसिंगमध्ये टिकतो. पालकाचंही तेच. हळद भाजण्याला दाद देत नाही, पण पिठात खायचा सोडा असेल तर लालसर ठिपके उठतात. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे.

दिवाळीचाही हिशेब धरा. 2024 मध्ये नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरलाच आली होती, 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. म्हणजे एका शेगडीवर भाजणी आणि ओट्यावर पायपिंग बॅग. रंगीत पिठाच्या कुकीज चार-पाच दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येतात, आयसिंगवाल्या आदल्या रात्रीच्याच.

म्हणून चाळीस पोरांना वाटायचं असेल तर माझं मत पिठाच्या बाजूने. घरच्या पार्टीला दहा-बाराच लागत असतील तर हौसेने आयसिंग करा.

तिसरी वाट सासूबाईंनी दाखवली: नानकटाई. त्या पिठाची वटवाघळं करायला जाऊ नका, तूप वितळलं की आकार पसरतो. पण केशरी रंगाचा गोळा करून त्यावर सुरीच्या पाठीने उभ्या खाचा पाडल्या, की भाजताना ती फुलते आणि हुबेहूब भोपळा होतो. देठाला मी लवंग खोचली होती. शेजारच्या चेटकिणीने ती कचकन चावली आणि रडत घरी गेली. तेव्हापासून पिस्त्याचा काप.